परसात शिंजीर मुक्कामाला यावा म्हणून: गोव्यातल्या बागेची बारमाही आखणी

जास्वंदीसमोर भिरभिरणारा बोटभर जीव दिसला की पुष्कळ जण ‘हमिंगबर्ड आला’ म्हणून फोटो पाठवतात. तो हमिंगबर्ड नसतो. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत राहतात, उत्तरेला अलास्कापासून दक्षिणेला टिएरा देल फुएगोपर्यंत. आपल्याकडे दिसलेला जीव दोनपैकी एक असतो. डोक्यावर दोन मिशा, तोंडाशी सुरळी केलेली सोंड आणि फुलावर जराही न टेकता एकसारखे तरंगणे असेल, तर तो पतंग आहे. बाकदार चोच असेल, मध्येच फांदी पकडून ‘चिवीट चिवीट’ चालू असेल, तर तो शिंजीर, म्हणजेच सूर्यपक्षी.

तरी हमिंगबर्डांकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांतल्या सर्वाधिक अँडीज पर्वताच्या उतारांवर, कोलंबिया-इक्वाडोरकडे. कारण तिथे थोडे वर चढले की हवा बदलते, हवेबरोबर झाडी बदलते आणि प्रत्येक पट्ट्यात वेगळ्या लांबीची फुले मिळतात. तलवारचोच्या हमिंगबर्डची चोच त्याच्या बाकीच्या शरीराहून लांब असते, कारण तो लोंबत्या लांब नळीच्या फुलांवर जगतो. फूल जिथे आणि जेव्हा, पक्षी तिथे आणि तेव्हा. शिंजिरालाही हाच नियम लागू आहे. म्हणूनच पक्षी दोन दिवस चक्कर मारून जाणार की घरटे बांधणार, हे आपण फेब्रुवारीत किती फुले फुलवली यावर ठरत नाही. पावसाळ्यात आणि पावसाळा सरल्यावर त्याला काय मिळते, यावर ठरते.

दोघांत एक मोठा फरक आहे आणि बाग आखताना तो कामाचा आहे. हमिंगबर्ड पाकोळ्यांचा नातेवाईक. तो हवेत एका जागी थांबून मध पितो, त्याला फुलाशी टेकू लागत नाही. शिंजीर चिमण्या-बुलबुलांच्या मोठ्या गटातला. तो क्षणभर तरंगू शकतो, पण त्यात त्याची शक्ती फार खर्च होते, म्हणून शक्यतो बसून पितो. नर्सरीत ‘हमिंगबर्ड प्लांट’ म्हणून विकली जाणारी बरीच झुडपे अमेरिकेतली आहेत. त्यांतली काही इथे उत्तम चालतात, पण फुलाशेजारी पाय रोवायला काडी असली तरच.

आपल्या भागात कोण राहतो

झाडे घेण्याआधी आपले घर गोव्याच्या कोणत्या पट्ट्यात येते ते पाहा.

किनाऱ्यालगत, माडांच्या भाटांत (बागायतींत), पणजी-मडगावच्या बागांत सर्वांत जास्त दिसतो तो जांभळ्या पाठीचा शिंजीर. दहा सेंटिमीटरही नसतो. नराचे पोट पिवळे, गळा जांभळा, छातीवर तपकिरी-लाल पट्टा, टाळूवर हिरवी-निळी चमक. मादी वरून करडी-तपकिरी, गळा पांढुरका, छाती पिवळी. माणसाच्या वावराला हा सर्वांत सरावलेला, व्हरांड्यातल्या वायरलाही घरटे टांगतो. चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात कांदळवनाच्या कडेलाही तो दिसतो.

सडे (जांभ्याची उघडी पठारे), काजूच्या टेकड्या, उघडी झुडुपी रानं हा जांभळ्या शिंजिराचा मुलूख. विणीच्या काळात नर पूर्ण काळा-निळा चकाकतो. हंगाम सरला की पिसे बदलून जवळजवळ मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ उरते. ‘नर निघून गेला, मादीच राहिली’ असे वाटते ते बहुतेक वेळा या रेघेकडे लक्ष न गेल्यामुळे.

कुळागरांत, म्हणजे सुपारी-मिरीच्या बागायतींत, आणि दाट झाडीच्या गावांत लोटेनचा शिंजीर असतो. त्याची चोच पाहताक्षणी लांब आणि खूप बाकदार वाटते. नराचे पोट काळपट तपकिरी, त्यामुळे जांभळ्या शिंजिराशी घोटाळा होतो. चोच पाहिली की तो सुटतो.

सत्तरी, सांगे, काणकोण, धारबांदोडा या घाटपायथ्याच्या भागांत छोटा शिंजीर येतो. तो पश्चिम घाटाबाहेर जवळपास नाहीच. नराची पाठ गडद किरमिजी, मादीच्या कमरेवर लाल ठिपका. फुलोऱ्यामागे तो डोंगरात वर-खाली सरकतो, त्यामुळे कुळागरात काही महिने गर्दी आणि काही महिने शुकशुकाट हे त्याच्या बाबतीत स्वाभाविक आहे. मोले, नेत्रावळी, खोतीगाव, म्हादईच्या जंगलांत याशिवाय लाल पाठ-छातीचा विगर्सचा शिंजीर आणि लांब चोचीचा छोटा कोळीखाऊ असतो. हे दोघे रानाचे पक्षी. कोळीखाऊ रानकेळीच्या फुलावर हटकून येतो. कुळागर जंगलाला लागून असेल तर हेही डोकावतील. म्हापशाच्या सदनिकेच्या गच्चीत त्यांची वाट पाहू नये.

आधी मोजणी, मग खरेदी

एका कागदावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखा. आपल्या कुंपणापासून शंभर पावलांच्या आत, शेजाऱ्यांची झाडे धरून, कोणत्या महिन्यात कोणते झाड फुललेले असते ते लिहा. सकाळी सात ते नऊ या वेळात वीस मिनिटे एका जागी बसून पक्षी कोणत्या फुलात चोच घालतो आणि किती वेळा, ते टिपा. आठवड्यातून एकदा, चार आठवडे केले तरी चित्र स्पष्ट होते.

गोव्यातल्या बहुतेक परसांत हा कागद सारखाच भरतो. जानेवारी ते मार्च रकाने ओसंडून जातात. काटेसावर, पांगारा, पळस, रानकडेला धायटी, आंब्या-काजूवरचे बांडगूळ, शेवगा असे सगळे एकाच वेळी. एप्रिल-मेमध्ये यादी आखूड होते, तरी जास्वंद, रुक्मिणी, केळफूल चालू असते. जून ते सप्टेंबर रकाना रिकामा दिसतो. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरला, पावसाने झुडपे झोडपलेली आणि माणसांनी छाटलेली असताना, तो सर्वांत रिकामा. नवे झाड घ्यायचे ते या रिकाम्या रकान्यांसाठी. ज्या महिन्यात आधीच भरपूर आहे, त्यात आणखी एका झाडाची भर घालून पक्ष्याला काही मिळत नाही.

पावसाळा कसा भरायचा

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, घाटपायथ्याला त्याहून जास्त, आणि जवळपास सगळा चार महिन्यांत. वर तोंड असलेल्या उघड्या फुलात पाणी शिरते आणि मध पातळ होतो किंवा वाहून जातो. मग पक्ष्याने दहा फुले धुंडाळली तरी पोट भरत नाही. म्हणून पावसाळ्यासाठी नळीसारखी, खाली वाकलेली किंवा वर झाकण असलेली फुले निवडायची.

यात पहिला मान केळीचा. केळफुलाचे लाल साल रोज एकेक उलगडते, त्याखाली ताज्या फुलांची फणी असते आणि ते साल तिच्यावर छप्पर होऊन राहते. पक्षी कधी दांड्यावर, कधी त्या सालावरच बसून पितो. टेकू आणि छत्री दोन्ही एकाच जागी. अडचण एवढीच की घड धरला की आपण केळफूल तोडून भाजी करतो. तीन केळींची भाजी करा, चौथीचे फूल सुकेपर्यंत ठेवा. मुनवे (केळीचे कोंब) एकदम न लावता दर तीन-चार महिन्यांनी एक-दोन लावा. जातीप्रमाणे आठ-दहा महिन्यांनी फूल पडते, त्यामुळे अशा लावणीत वर्षभर कोणते तरी केळफूल चालू राहते. साळदाटी, रसबाळी, मिंडोळी कोणतीही चालते.

दुसरी मिरची जास्वंद, जिचे फूल मिटलेलेच राहते आणि खाली लोंबते. पाऊस आत जात नाही. झुडूप दोन-तीन मीटर वाढते, फांद्या भक्कम असतात. कुंपणाला उत्तम.

तिसरा रसेलिया, लाल बारीक नळ्यांचा. त्याच्या काड्या नाजूक, पक्षी बसला की झुलतात. म्हणून तो सपाट वाफ्यात न लावता चिऱ्यांच्या गडग्यावर किंवा उंच कट्ट्याच्या कडेला लावा. काड्या भिंतीवरून खाली लोंबतील आणि पक्ष्याला चिऱ्याच्या कडेला पाय टेकता येतील. दोन रोपांत ६० ते ७५ सेंटिमीटर अंतर.

घाटपायथ्याला आणि मोठ्या भाटांत मुरुडशेंग जपा. हे आपले रानचे झुडूप. पावसाळ्यात लाल फुले येतात, सुकताना निळसर पडतात. कुंपण साफ करताना ‘रान’ म्हणून तोडले जाते ते बहुधा हेच.

ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि बाकीचे वर्ष

हमेलिया हे मधल्या काळाचे सर्वांत भरवशाचे झुडूप. मूळचे अमेरिकेतले, तिथे हमिंगबर्डच त्यावर येतात. नारिंगी-लाल नळ्यांचे झुबके, फांद्या कडक, फूल जवळपास वर्षभर आणि वरून काळी फळे बुलबुलांना. पूर्ण उन्हात लावा. दिवसातून सहा तासांपेक्षा कमी ऊन असेल तर पाने भरपूर आणि फुले नगण्य, अशी तक्रार येते. दोन रोपांत दीड मीटर अंतर.

जास्वंद घेताना एकेरी पाकळ्यांची, लाल, जुनी गावठी घ्या. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या संकरित फुलांत मधापर्यंत वाट मिळणे अवघड होते. शिंजीर बरेचदा जास्वंदीच्या तोंडातून न जाता देठाशी भोक पाडून मध ओढतो. पाकळीच्या तळाशी बारीक चीर दिसली तर ती कीड नाही, त्यावर फवारू नका.

शेवगा प्रत्येक परसात एक तरी असावा. दरवर्षी शेंगा संपल्यावर दीड-दोन मीटर उंचीवर छाटला तर फुलोरा नजरेच्या टप्प्यात येतो. माडाच्या पोयीवर, म्हणजे फुलोऱ्यावर, शिंजीर बारा महिने दिसतो, आणि ज्यांच्याकडे माड आहेत त्यांचे निम्मे काम आधीच झालेले आहे.

पांगाऱ्यासाठी जागा हवी. कुळागरात मिरीचा वेल चढवायला पांगाऱ्याचे खुंट लावायची जुनी पद्धत आहे, ती पुन्हा धरावी. मनगटाएवढा जाड, दीड ते दोन मीटर लांब खुंट मेअखेरीस ४५ सेंटिमीटर खोल रोवायचा. वरच्या कापावर शेण-माती लिंपायची, म्हणजे पाणी मुरून कुजत नाही. या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण भारतात पांगाऱ्यावर गाठी करणाऱ्या सूक्ष्म गांधीलमाशीचा उपद्रव सुरू झाला. पाने आणि देठ फुगून वेडेवाकडे होतात, फुलोरा घटतो. अशा फांद्या गाठी हिरव्या असतानाच कापून जाळाव्यात. तोडून बांधाला टाकल्या तर माश्या तिथूनच बाहेर पडतात.

काटेसावर वीस मीटरच्या वर जाते. घरापासून, विजेच्या तारांपासून लांब, बागायतीच्या टोकाला जागा असेल तरच लावावी. आधीच उभी असेल तर तोडू नये, फेब्रुवारीत एक झाड अख्ख्या वाड्याच्या पक्ष्यांना पुरते.

बांडगुळाबद्दल बागायतदारांचे आणि पक्ष्यांचे हित वेगळे आहे हे सरळ मान्य करायला हवे. ते झाडाचे पाणी खाते, फांदी दुबळी करते. पण शिंजीर आणि फुलटोच्या (एक चिमुकला पक्षी) यांचे ते हिवाळ्यातले मुख्य अन्न आहे. फुलटोच्या फळ खातो, चिकट बी फांदीला पुसतो आणि नवे बांडगूळ तिथेच रुजते. उत्पन्न देणाऱ्या आंब्या-काजूवरचे काढा, फांदी बांडगुळाच्या खाली हातभर कापून. बांधावरच्या, फळ न देणाऱ्या जुन्या झाडावरचे राहू द्या.

दोन झाडे मात्र लावू नयेत. पिचकारीचे झाड, म्हणजे स्पॅथोडिया, कारण त्याच्या फुलांत मधमाश्या मरून पडलेल्या आढळतात आणि बीही दूर पसरते. दुसरी घाणेरी. शिंजीर तिच्यावर येतो हे खरे, पण ती सड्यावर शिरली की धायटीसारखी आपली झुडपे दाबून टाकते.

लावणी

जास्वंद, मिरची जास्वंद, हमेलिया या तिघांची रोपे विकत घ्यायची गरज नाही. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, दोन-तीन चांगल्या सरी पडून गेल्यावर, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्क्या फांदीचे १५ ते २० सेंटिमीटरचे तुकडे घ्या. प्रत्येकावर तीन-चार डोळे हवेत. खालचा काप तिरका, डोळ्याच्या लगेच खाली. वरची दोन पाने ठेवून बाकी काढा. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग नदीची वाळू असे मिश्रण पिशवीत भरून निम्मा तुकडा आत खोचा. पिशवी वळचणीखाली ठेवा, थेट पागोळ्यांखाली नको. दहापैकी सहा-सात लागतात, म्हणून हवे त्याच्या दुप्पट करा. कुजणारे तुकडे बहुधा कोवळ्या हिरव्या फांदीचे असतात.

गणेशचतुर्थीच्या सुमारास पावसाचा जोर ओसरला की रोपे जमिनीत न्या. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल. सड्यावर जांभा कठीण असेल तर ६० सेंटिमीटरपर्यंत पहारीने फोडून तळ मोकळा करा. नाहीतर खड्डा टाकीसारखा भरतो आणि पुढच्या जुलैत मुळे सडतात. रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा १५ सेंटिमीटर उंच मातीच्या चढावर बसवा. बुंध्याशी सुके गवत किंवा माडाचे सोडण (नारळाची साल) पसरले की जानेवारीनंतरचे पाणी निम्म्यावर येते.

युरियाचा हात आखडता ठेवा. नत्र जास्त झाले की झुडूप काळेभोर हिरवे होते आणि फुलत नाही. वर्षातून दोनदा, सप्टेंबर आणि फेब्रुवारीत, झुडपामागे दोन घमेली कुजलेले शेणखत पुरते.

शंभर चौरस मीटरच्या परसाला पुरेसा जमाव असा: हमेलिया दोन, गावठी जास्वंद तीन, मिरची जास्वंद दोन, रसेलिया चार, केळीचे एक बेट, शेवगा एक. हे सगळे एकाच कोपऱ्यात लावू नका. नर शिंजीर चांगल्या फुलोऱ्याचा मालक होतो आणि दुसऱ्याला हाकलतो. आठ-दहा मीटरवर, मध्ये घर किंवा दाट झाड येईल असा दुसरा जमाव असेल तर दोन जोड्या राहू शकतात. एकटीदुकटी कुंडी मात्र निरुपयोगी, तिच्यासाठी पक्षी वाट वाकडी करत नाही. गच्चीत कुंड्याच असतील तर त्याच झाडाच्या चार-पाच कुंड्या एकत्र ठेवा आणि मागे एक सुकी फांदी बांधा.

छाटणी हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. चवथीच्या आधी अंगण-कुंपण साफ करायची आपली रीत आहे आणि एका दिवसात सगळी झुडपे गुडघ्यापर्यंत येतात. मग ऑक्टोबर अख्खा कोरडा जातो. सप्टेंबरमध्ये फक्त एक तृतीयांश झुडपे छाटा, आणखी एक तृतीयांश नोव्हेंबरात, उरलेली फेब्रुवारीत. कोयता लावण्याआधी प्रत्येक झुडपात घरटे आहे का ते पाहा. लोंबता सुकल्या पानांचा पुंजका दिसला तर तो ओढू नका.

नुसत्या मधावर पिल्लू वाढत नाही

इथे अनेक चांगल्या बागा फसतात. फुले भरपूर, पक्षी रोज येतात, पण घरटे कधीच नाही. कारण पिल्लांना प्रथिने लागतात आणि ती कोळी, अळ्या, मावा, चिलटे यांतूनच मिळतात. मोठे पक्षीही रोज किडे खातात. कीटकनाशक फवारलेली बाग त्यांच्यासाठी फक्त सरबताचे दुकान असते.

जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो, तेव्हा आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. दोन दिवसांनी उरला असेल तर एक लिटर पाण्यात ५ मिलिलिटर कडुनिंबाचे तेल आणि थोडा मऊ साबण ढवळून, फक्त लागलेल्या शेंड्यांवर, संध्याकाळी फवारा. उघडलेल्या फुलांवर नको. पिठ्या पुन्हापुन्हा येत असेल तर खोडावरून चढणाऱ्या मुंग्या पाहा. त्या त्याला पाळतात. मुंग्यांची वाट तोडली की पिठ्या कमी होतो. हुमले, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, फुलोऱ्याच्या फांदीवर असतील तर शिंजीर ती फांदी टाळतो. त्यांचे पानांचे घर फुलझाडापुरते काढा, आंब्या-काजूवरचे राहू द्या, तिथे त्या किडी खातात.

सुपारीवरच्या कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारायचेच असते: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. ते बुरशीनाशक आहे, त्याने किडे सरसकट मरत नाहीत. पण फवारा शिंपुटांवरच (सुपारीच्या घोसांवरच) राहील असे पाहा, खालच्या केळफुलांवर आणि पाण्याच्या भांड्यांवर पडू देऊ नका. काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी कीटकनाशक वापरावेच लागले तर भर मोहरात सकाळी कदापि नको, आणि सगळी बाग एका दिवशी न मारता लागण असलेलीच झाडे मारा.

घरटे

घरटे मादी बांधते. गवत, सालीचे धागे, सुकी पाने, अळ्यांची लेंडी, सगळे कोळ्याच्या जाळ्याने गुंफलेले. बाजूला दार, दारावर छोटे छज्जे. फांदीच्या टोकाला, कधी कमरेच्या उंचीवर, टांगलेले. दोन अंडी, साधारण पंधरा दिवस उबवणी आणि तेवढेच किंवा थोडे जास्त दिवस पिल्लांचे. म्हणजे अंड्यापासून उडेपर्यंत एक महिना जागा शांत हवी. जांभळा शिंजीर मुख्यतः पावसाआधी घरटे करतो, जांभळ्या पाठीचा वर्षातल्या कोणत्याही महिन्यात करू शकतो.

जाळे हा त्यांचा सिमेंट आहे. म्हणून वळचणीची, गोठ्याची, लाकडाच्या खोपीची कोळिष्टके सगळी एकदम झाडू नका. दिवाणखाना झाडा, मागची पडवी राहू द्या. कुंपणाच्या एका बाजूला लोंबत्या बारीक फांद्या न छाटता ठेवा. बाजारातली लाकडी घरटी या पक्ष्याच्या कामाची नाहीत, तो पेटीत राहत नाही.

घरटे सापडले तर पाच मीटरच्या आत वारंवार जाऊ नये, आजूबाजूची पाने फोटोसाठी तोडू नयेत. पाने तोडली की कावळा, सरडा आणि भारद्वाज यांना घरटे दिसते. मांजर उडी मारू शकेल असे स्टूल, पिंप, मोटरसायकल खालून हलवा. वाऱ्याने घरटे पडले आणि पिल्ले जिवंत असतील तर अर्ध्या करवंटीला तळाशी चार भोके पाडा, त्यात घरटे जसे आहे तसे बसवा आणि सुतळीने त्याच फांदीला, पाऊस लागणार नाही असे टांगा. माणसाचा हात लागला म्हणून आई-बाप पिल्ले टाकत नाहीत. लांबून दोन तास पाहा. कोणीच आले नाही तर वनखात्याला कळवा. पिल्लाला साखरपाणी पाजू नका, ते नाकात जाऊन गुदमरते. हे पक्षी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आहेत, घरटे काढणे किंवा पिल्लू पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे.

पाणी आणि साखरपाणी

शिंजीर खोल भांड्यात उतरत नाही. त्याला ओली पाने आवडतात. मार्च ते मे सकाळी आठच्या सुमारास नळीच्या बारीक तुषाराने केळीची आणि जास्वंदीची पाने पाच मिनिटे भिजवा, तो पानावर लोळून आंघोळ करतो. भांडे ठेवायचे तर पसरट, पाणी दोन-तीन सेंटिमीटर, मध्ये खडबडीत दगड. पाणी रोज ओतून टाका आणि ताजे भरा, डासांची अंडी होऊ देऊ नका.

अमेरिकेत हमिंगबर्डसाठी साखरपाण्याच्या बाटल्या टांगतात. गोव्यात ते करू नये, असे आमचे मत आहे. इथल्या उष्णतेत आणि दमटपणात पाणी एका दिवसात आंबते, बाटलीच्या तोंडाशी काळी बुरशी धरते, मुंग्या आणि गांधीलमाश्या ताबा घेतात. वादळाने सगळी फुले झडली म्हणून चार दिवस द्यायचेच असेल तर एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी, उकळून थंड केलेले. गूळ नको, मध नको, रंग नको. मध लवकर आंबतो, गुळात लोहासारखे क्षार असतात. रोज सकाळी उरलेले फेकायचे, बाटली उकळत्या पाण्याने ब्रशने धुवायची. झुडपे पुन्हा फुलली की बाटली काढून ठेवायची.

आरशाशी भांडणारा नर

बाग जमली की एक नवी तक्रार येते: नर गाडीच्या आरशावर किंवा खिडकीच्या काचेवर दिवसभर चोची मारतो. प्रतिबिंबाला तो हद्दीत घुसलेला दुसरा नर समजतो. विणीच्या काळात हे आठवडेच्या आठवडे चालते आणि त्यात तो थकतो, पिल्लांना भरवायचा वेळ वाया जातो. हाकलून उपयोग नाही. गाडीच्या दोन्ही आरशांवर जुना मोजा चढवा. खिडकीच्या काचेवर बाहेरून साबणाचे पाणी पुसून डाग तसेच सुकू द्या, किंवा बाहेरच्या बाजूने मच्छरदाणीचा कपडा ताणून लावा. आतून पडदा ओढला तर प्रतिबिंब अधिकच ठळक होते, म्हणून जे करायचे ते बाहेरून. पिल्ले उडाली आणि नर शांत झाला की मोजे काढा.